वेगमर्यादेचा काथ्याकूट: फलकावरचा आकडा नक्की कुणासाठी?

वळणदार (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे. रस्ता चांगला रुंद, मधे दुभाजक, दोन्ही बाजूंना मोकळं, नजर लांबवर जाते, आणि पाटी म्हणते ४०. आजूबाजूचे सगळे ७० ने चाललेत. आपण इमानदारीत ४० वर आलो की मागून हॉर्न, डिपर, आणि पुढे जाता जाता खिडकीतून एक जळजळीत कटाक्ष. ७० ने गेलो तर कॅमेरा टपलेला.

माझे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळेच ठेवा, नाहीतर दरवेळी होते तशी गल्लत होईल. एक, वेगमर्यादेने खरंच जीव वाचतात का? दोन, ती न्याय्य असते का? पहिल्याचं उत्तर "हो" असलं तरी दुसऱ्याचं "नाही" असू शकतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मर्यादा हवीच. पण तो आकडा कशावरून आला हे चालवणाऱ्याला रस्त्याकडे बघून कळायला हवं. न पटणारा आकडा कुणी पाळत नाही, आणि एक आकडा मोडायची सवय लागली की पुढच्या वळणावरचा खरोखर गरजेचा आकडाही त्याच सवयीने मोडला जातो.

सुसाट

पहिला नंबर माझा. मनातलं बोललात.

वेग मारत नाही, वेगातला फरक मारतो. सगळे ९० ने जात असतील तर ९० सुरक्षित, आणि मधेच ५० ने रमतगमत जाणारा जो महाभाग असतो तो खरा धोका. हे माझ्या पदरचं नाही. डेव्हिड सॉलोमन यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या ग्रामीण महामार्गांवरचे अपघात तपासून आलेख काढला होता. सरासरीच्या आसपास चालणाऱ्यांचे अपघात सगळ्यात कमी, फार हळू आणि फार जोरात या दोन्ही टोकांना जास्त. शिवाय गाड्या कुठच्या कुठे गेल्या. डिस्क ब्रेक, एबीएस, एअरबॅग. मर्यादा मात्र आजोबांच्या काळातल्या.

शंकासुर

सुसाटराव, सॉलोमनचा आलेख या वादात हमखास निघतो, पण त्यावरची टीका कुणी वाचत नाही. "फार हळू" असलेल्या गाड्यांमध्ये वळण्यासाठी वेग कमी केलेल्या किंवा नुकत्याच रस्त्यावर आलेल्या गाड्याही धरल्या गेल्या होत्या. वळताना मागून कुणी ठोकलं, तर त्याचं खापर हळू चालवण्यावर फोडायचं का? आणि अपघाताआधीचा वेग किती होता, तर चालकाने आणि पोलिसांनी सांगितला तो.

पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात अॅडलेडला जास्त काटेकोर काम झालं. ६० च्या मर्यादेचे रस्ते घेतले, अपघातातल्या गाड्यांचा वेग घटनास्थळाच्या मोजमापांवरून काढला आणि त्याच जागी त्याच सुमारास जाणाऱ्या इतर गाड्यांशी ताडून पाहिला. निष्कर्ष असा की ६० च्या वर दर ५ किमीला जखमी होण्याइतक्या अपघाताचा धोका साधारण दुप्पट. ६५ ला दुप्पट, ७० ला चौपट. आणि हळू चालवणाऱ्यांचा धोका वाढल्याचा पुरावा सापडला नाही.

वळणदार यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते मिटलेलं आहे. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेणे अपघात साधारण ४ टक्क्यांनी वाढतात, हा ठोकताळा जागतिक आरोग्य संघटनाही वापरते. भांडायचंच तर दुसऱ्या प्रश्नावर भांडूया.

गणितमास्तर

टक्केवारी वाचून कुणाचा पाय अॅक्सिलरेटरवरून हलत नाही. म्हणून मी मीटरमध्ये सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

गृहीत धरा: चालक सावध, धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत १ सेकंद. रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम.

३० किमी वेगाने गाडी सेकंदाला ८ मीटरहून थोडं जास्त जाते. ते गेले विचारात. ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटर. एकूण १३ मीटरच्या जरा पुढे गाडी उभी.

५० किमी वेगाने सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. म्हणजे ३० वाला जिथे पूर्ण थांबला, तिथे ५० वाल्याचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलाच नाही. त्या जागी कुणी उभं असेल तर त्याला पूर्ण ५० ची धडक. कमी-जास्त नाही, पूर्ण.

आता ५० आणि ६० घ्या, कारण "दहाने काय फरक पडतो" हे आपलं आवडतं वाक्य. ५० वाला साधारण २८ मीटरवर थांबतो. ६० वाला त्याच २८ मीटरवर किती वेगात असेल? बहुतेक जण म्हणतात १०. हिशेब करून बघा, ४० येतो. कारण विचाराच्या सेकंदात तो जास्त पुढे गेला आणि ब्रेकला मोडायची असलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढली.

आणि एबीएसबद्दल. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे जोरात ब्रेक मारतानाही स्टिअरिंग हातात राहतं. कोरड्या डांबरावर थांबायचं अंतर त्याने फारसं कमी होत नाही. आणि वरचा तो १ सेकंद गाडीचा नाही, माणसाचा आहे. त्याचं नवं मॉडेल आलेलं नाही.

सुसाट

मास्तर, गणित मान्य. पण तुमच्या गणितात २८ मीटरवर कुणीतरी उभं आहे. माझ्या महामार्गावर कुणी उभं नसतं. जर्मनीत बघा, ऑटोबानच्या, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांच्या, बऱ्याच भागाला मर्यादाच नाही आणि लोक काही पटापट मरत नाहीत.

डांबरट

शेवटी जर्मनी आलीच. २० प्रतिसादांच्या आत येणार याची खात्री होती.

मी रस्ते आखण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ऑटोबानला १९७८ पासून १३० चा शिफारशीचा वेग आहे. त्याहून जोरात गेलात म्हणून दंड होत नाही, पण अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असूनही भरपाईचा काही भाग तुमच्या गळ्यात पडू शकतो. आणि तो रस्ता आहे कसा? पायी माणूस नाही, सायकल नाही, चौक नाही, समोरून येणारं वाहन नाही. ज्या वाहनाची ६० च्या वर जायची क्षमता नाही त्याला वर चढायलाच बंदी. त्याच जर्मनीत सगळ्यात जास्त माणसं मरतात ती गावाबाहेरच्या साध्या दुपदरी रस्त्यांवर, जिथे गाड्यांना १०० ची मर्यादा आहे. म्हणजे मर्यादा नसलेला रस्ता मर्यादा असलेल्यापेक्षा सुरक्षित! पण यातून "मर्यादा काढा" असा निष्कर्ष निघत नाही. वेग किती झेपेल हे रस्त्याच्या रचनेवर ठरतं, एवढाच निघतो.

आता वळणदार यांच्या पाटीकडे येतो. रस्ता आखताना आम्ही एक संकल्पित वेग धरतो. वळणाची त्रिज्या, वळणावर बाहेरच्या कडेला द्यायचा उठाव, चढावरून पलीकडचं किती आधी दिसायला हवं, लेनची रुंदी, हे सगळं त्या वेगावर ठरतं. ८० धरून आखलेल्या रस्त्यावर माणूस ८० नेच जातो, कारण रस्ता त्याला तेच सांगत असतो. मग कधीतरी कडेला वस्ती येते, शाळा येते, अपघात होतात. तेव्हा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खांब पुरून त्यावर ४० लिहिणं. रस्ता ८० म्हणतोय, पाटी ४० म्हणतेय. चालक रस्त्याचं ऐकतो.

४० हवा असेल तर लेन अरुंद करा, चौकात कोपऱ्याची गोलाई कमी करा, ओलांडण्याची जागा उंच करा, मधे थांबायला बेट द्या. मग पाटी नसली तरी वेग उतरतो. हे महाग पडतं, म्हणून होत नाही. पाटी लावली की फाइल बंद.

वळणदार

डांबरट, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही धंद्याच्या भाषेत सांगितलंत. मग मर्यादा ठरवताना लोक मुळात किती वेगाने चालवतात तेच मोजून आकडा का लावत नाहीत? तशी पद्धत आहे ना?

डांबरट

आहे. अमेरिकेत फार वर्षं चालली. मोकळ्या वाहतुकीत गाड्यांचे वेग मोजायचे, शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाला किंवा त्याच्या खाली आहेत तो वेग घ्यायचा, जवळच्या पाचाच्या पटीत बसवायचा आणि पाटी लावायची. यामागची कल्पना अशी की बहुसंख्य चालक शहाणे असतात, परिस्थिती बघूनच चालवतात.

पायी_पायी

इतका वेळ गप्प होते, पण आता लिहितेच.

म्हणजे मर्यादा किती असावी यावर मतदान, आणि मतदार कोण, तर फक्त गाडीत बसलेले. मी त्याच रस्त्याच्या कडेला उभी असते, ओलांडायची वाट बघत. कधी एका हातात पोराचं बखोट, दुसऱ्या हातात दप्तर. माझा वेग कुणी मोजत नाही. ज्या म्हातारीने त्या रस्त्यावर यायचंच सोडून दिलं तिचा तर आकडा कुठेच नाही. ती दिसत नाही म्हणून रस्ता "मोकळा", रस्ता मोकळा म्हणून वेग जास्त, आणि वेग जास्त म्हणून ती घराबाहेर पडत नाही.

वर सगळे "चालकाला न्याय्य वाटलं पाहिजे" असं लिहीत आहेत. चालकाच्या भोवती पत्रा आहे, पट्टा आहे, हवेची उशी आहे. माझ्या अंगावर ओढणी आहे. न्यायाचा प्रश्न आधी कुणी विचारायचा?

आणि सुसाट, तुमच्या महामार्गावर "कुणी उभं नसतं" म्हणालात. उभं असतं. तुम्हाला १०० च्या वेगात दिसत नाही, एवढंच.

सुसाट

पायीताई, महामार्ग ओलांडायला भुयारी मार्ग, पूल असतात. ते सोडून कुणी दुभाजकावरून उडी मारत असेल तर त्याची शिक्षा मी का भोगायची?

पायी_पायी

पूल एक किलोमीटर पुढे असतो. जायचं एक, यायचं एक. तुमचा एक किलोमीटर म्हणजे अर्धं मिनिट. डोक्यावर ओझं असलेल्या बाईचा एक किलोमीटर किती ते चालून बघा.

शंकासुर

पायी_पायी यांच्या मुद्द्याला पुस्ती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ च्या अहवालात नेमकी हीच ८५ टक्क्यांची पद्धत धारेवर धरली. एक तर तिचा दुष्टचक्राचा दोष आहे. लोक जोरात जातात म्हणून मर्यादा वाढते, मर्यादा वाढली की लोक आणखी थोडे जोरात जातात, पुढच्या मोजणीत ८५ चा आकडा आणखी वर सरकतो. दुसरं, पायी आणि सायकलवाले हिशेबात येतच नाहीत.

उलट टोकाला स्वीडन. १९९७ साली तिथल्या संसदेने "शून्य मृत्यू" हे धोरण स्वीकारलं आणि प्रश्नच उलटा करून टाकला. चालक किती वेगाने जाऊ इच्छितात हे विचारायचं नाही. माणसाचं शरीर किती धडक सोसतं ते विचारायचं. माणसं आणि गाड्या एकत्र असतील तिथे ३०. चौकात बाजूने धडक होऊ शकते तिथे ५०. समोरासमोर धडक शक्य आहे तिथे ७०. आणि यातली कुठलीच शक्यता उरली नसेल तर १०० किंवा जास्त.

मला ही मांडणी न्याय्य वाटते, कारण तिला कारण आहे आणि ते कारण रस्त्यावर बघून तपासता येतं. चालकाला जास्त वेग हवा ना? मग मधे अडथळा घाला. स्वीडनने तेच केलं. अनेक जुन्या रस्त्यांच्या मधोमध पोलादी दोरांचं कुंपण घातलं आणि ओव्हरटेकची जादा लेन आळीपाळीने दोन्ही बाजूंना दिली. समोरासमोरच्या धडका जवळजवळ संपल्या.

कलमबहादूर

कायद्याच्या अंगाने थोडं.

बरेच जण म्हणतात, "आकडा कशाला हवा? परिस्थितीनुसार शहाणपणाने चालवा एवढं पुरे." हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत १९७४ साली इंधन वाचवण्यासाठी देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किमी, अशी मर्यादा आली होती. १९९५ च्या अखेरीस केंद्राने ती काढली आणि मोंटाना राज्याने गाड्यांसाठी दिवसा आकडाच ठेवला नाही. "वाजवी आणि सुज्ञपणे" चालवा, बस्स. एकाला ताशी ८५ मैलांवर, म्हणजे सुमारे १३७ किमीवर, पकडलं. तो लढत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९८ च्या अखेरीस न्यायालयाने तरतूदच रद्द केली. कारण? वाजवी म्हणजे किती हे चालकाला आधी कळायला मार्ग नव्हता आणि सगळं पकडणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं. १९९९ मध्ये राज्याने मुकाट्याने ताशी ७५ मैलांचा आकडा लावला.

आकडा चालकाच्या विरोधात असतो असं वाटतं खरं, पण आकडा नसला की तुमचं भवितव्य समोरच्या शिपायाच्या त्या दिवशीच्या मूडवर. मला ७५ चालतील, मूड नको.

खरा अन्याय मला दंडात दिसतो. सगळ्यांना सारखा दंड म्हणजे एकाची आठवड्याची कमाई आणि दुसऱ्याची खिशातली चिल्लर. फिनलंडमध्ये मोठ्या उल्लंघनाला दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये तिथल्या एका श्रीमंत माणसाला ५० च्या जागी ८२ ने गेल्याबद्दल १,२१,००० युरो भरावे लागले. असा दंड असेल तर "भरू की, काय होतंय" हे वाक्य ऐकू येणार नाही.

जुनी_पोथी

अवांतर: इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल अशी मर्यादा होती, वर पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचं. जानेवारी १८९६ मध्ये वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ २ च्या जागी ८ मैलांनी जाताना सापडले. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून पकडलं. दंड एक शिलिंग. त्याच वर्षी मर्यादा १४ मैलांवर गेली. तेव्हा सुसाट, धीर धरा.

सुसाट

अर्नोल्डसाहेबांना माझा दंडवत. आपला माणूस.

दहाचाकी

मी ट्रक चालवतो. इथे सगळे कारवाले बोलतायत म्हणून लिहितो, शुद्धलेखनाला माफी.

आम्हाला मर्यादा कारपेक्षा कमी असते. बरोबर आहे, असायलाच पाहिजे. भरलेली गाडी घाटात खाली आणताना काय होतं ते कारमध्ये कळत नाही. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर लायनर तापतात, आधी जळका वास येतो, मग पाय तेवढाच दाबला तरी गाडी धरत नाही. सारखा ब्रेक मारला की हवेच्या प्रेशरची सुई पण खाली यायला लागते. म्हणून जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला टाकायचा, आणि उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. मधे टाकायला गेलात आणि गिअर पडला नाही तर गाडी न्यूट्रल, मग देवच मालक. उतारावरची २० ची पाटी मी कधीच मोडत नाही. ती कुणी ऑफिसात बसून लिहिलेली नाही, ती कुणीतरी दरीत बघून लिहिलेली आहे.

पण अन्याय कुठे आहे तो सांगतो. माल पोचवायची वेळ मालक ठरवतो. त्याने हिशेब असा धरलेला असतो की मर्यादा पाळून ती वेळ गाठताच येत नाही. उशीर झाला तर भाडं कापणार, वेगाचा दंड आला तर तोही माझ्याच पगारातून. म्हणजे पाटी सांगते ६० आणि खेप सांगते ८०. कॅमेऱ्यात नंबर गाडीचा येतो, वेळापत्रक ठरवणारा येत नाही.

आणि कारवाल्यांना विनंती. दोन ट्रक शेजारी शेजारी चालले की तुम्ही शिव्या घालता. घाला. पण मर्यादेत राहून दुसरं काय करणार तेही सांगा.

गणितमास्तर

दहाचाकी भाऊ, प्रतिसाद एक नंबर. तुमच्या शेवटच्या मुद्द्याचा हिशेब मांडतो. पुढचा ट्रक ८०, मागचा ८२. मागे-पुढे प्रत्येकी २५ मीटर सोडायचे आणि दोन ट्रकांची लांबी मिळून ३० मीटर, म्हणजे ८० मीटर जास्तीचे काटायचे. तासाला २ किमीच्या फरकाने त्याला जवळजवळ अडीच मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात सव्वातीन किलोमीटर रस्ता संपतो. चिडणं साहजिक आहे, पण मर्यादेत राहून ओव्हरटेक करायचं म्हटलं की एवढंच होतं. उपाय म्हणजे ८० वाल्याने क्षणभर पाय सोडणे. ते होत नाही.

ताजा कलम, सुसाट यांच्यासाठी: १० किलोमीटर १०० ने गेलात तर ६ मिनिटं, १२० ने गेलात तर ५. मिनिटभर वाचतं, आणि धडकेची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते.

सुसाट

मिनिटभर १० किलोमीटरमागे, मास्तर. ४०० किलोमीटरला ४० मिनिटं होतात. त्याला काय किंमत नाही?

गणितमास्तर

आहे. सलग ४०० किलोमीटर १२० चा सरासरी वेग मिळणारा रस्ता सापडला की कळवा, आपण दोघे जाऊ.

व्यवस्थापन

वैयक्तिक शेरेबाजी असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. विषयावर राहा.

आताच_लायसन

नवीन आहे, थेट विचारतो. सगळे ८० ने चाललेत, मर्यादा ६० आहे. मी ६० ने जाऊ की सगळ्यांबरोबर? शिकवणारे सर म्हणतात "प्रवाहाबरोबर राहा", परीक्षेच्या पुस्तकात उलटं आहे.

कलमबहादूर

६० ने जा आणि हळू वाहनांच्या लेनमधून जा. मागचा हॉर्न वाजवतो ही त्याची अडचण, तुझी नाही. प्रवाहाबरोबर होतो हा बचाव कोर्टात टिकत नाही. आणि एक दिलासा: युरोपसह बऱ्याच देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमाप्रमाणे गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, जास्त दाखवला तर चालतो. ५० च्या खऱ्या वेगाला ५९ पर्यंत दाखवायची मुभा आहे. त्यामुळे "काट्यावर ६० च होते हो, तरी दंड आला" म्हणणाऱ्यांनी आधी मोठे टायर बसवलेत का ते सांगावं.

वळणदार

दिवसभर वाचतोय. पायी_पायी यांच्या मतदानाच्या मुद्द्यावर थांबलो. वस्तीत ३० ठेवावा हे मी आधीही मानत होतो. हेलसिंकीत निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्या शहराने सांगितलं की सरलेल्या वर्षभरात रस्त्यावर एकही माणूस गेला नाही. यावर वाद घालायला माझ्याकडे काही नाही.

पण लादलेला आकडा उलटतो हेही खरं ना? फ्रान्सने जुलै २०१८ मध्ये दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर ९० चे ८० केले, देशभर, एका फटक्यात. खेड्यातल्या माणसाला वाटलं, राजधानीत मेट्रोने फिरणाऱ्यांनी आमच्या कामाच्या वाटेवर हात घातला. त्या हिवाळ्यात पिवळ्या जाकिटांचं आंदोलन झालं, त्यात वेगाचे कॅमेरे सपाट्याने फोडले गेले, आणि शेवटी सरकारने जिल्ह्यांना परत ९० करायची मुभा दिली. वेल्सने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतली मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० वर आणली तर विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या. सुरक्षेच्या बाजूने दोन्ही निर्णय बरोबरच होते. पण ज्याला रोज पाळायचंय त्याला आधी विचारलं असतं तर?

शंकासुर

विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, माझ्या घरासमोर ३० करा आणि बाकी ठिकाणी ८० राहू द्या. वेल्समध्ये सह्या लाखांनी झाल्या, आणि जखमींची संख्या पहिल्या वर्षातच घटली. दोन्ही एकाच वेळी खरं. शांत बसलेल्या बहुसंख्यांची सही कुठल्याच अर्जावर नसते. आणि ज्याचा अपघात झालाच नाही, त्याला तर आपण वाचलो हे कळतही नाही. तो कशावर सही करणार?

पायी_पायी

@वळणदार, "ज्याला रोज पाळायचंय त्याला" विचारा म्हणता. मला रोज ओलांडायचंय. आम्हाला एकत्र विचारा, एका खोलीत. वेगवेगळं नको.

सुसाट

बरं, एक शेवटचं. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत मर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. सध्या चालकाला ती डावलता येते. उद्या डावलता आली नाही तर? गाडीच ४० च्या वर जाणार नाही. हे तुम्हाला न्याय्य वाटतं?

डांबरट

तत्त्वाला माझी हरकत नाही. माझी भीती वेगळी आहे. ती यंत्रणा पाटी वाचते किंवा नकाशातला आकडा घेते. आणि पाट्यांची अवस्था मला आतून माहीत आहे. रस्त्याचं काम निघालं की २० ची तात्पुरती पाटी लागते. काम संपतं, कंत्राटदार माणसं, यंत्रं, शंकू सगळं उचलून नेतो, पाटी तिथेच. लावायचा आदेश लेखी निघतो, काढायचा कुणीच काढत नाही. पुढे झाड वाढतं, अर्धी पाटी झाकली जाते, २० मधला शून्य तेवढा दिसतो. हा आकडा गाडीने खरा मानला तर काय होईल?

दहाचाकी

आत्ताही तेच होतंय, गाडीला मशीन लागत नाही. ८० च्या रस्त्यावर अशी विसरलेली २० ची पाटी आली की मी काय करायचं? पाळली तर मागचा कारवाला थेट माझ्या मागच्या बंपरखाली. नाही पाळली आणि कॅमेरा असला तर पगार कापला. डांबरट साहेब, तुमच्या खात्यात अशा पाट्यांची तक्रार कुठे करायची तेवढं सांगा, माझ्याकडे यादी आहे.

डांबरट

यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. किलोमीटरचा दगड, रस्त्याची बाजू आणि पाटीवरचा आकडा एवढं लिहा, फोटो असला तर उत्तम. पाटी "काढा" म्हणून अर्ज करू नका, तो फिरत राहतो. "या पाटीचा आदेश क्रमांक आणि मुदत कळवा" असं विचारा. मुदत संपलेली निघाली की काढण्यावाचून गत्यंतर नसतं.